आग आदिमानवाच्या क्रमाने शिका: आधी सांभाळायची, मग वाहून न्यायची, शेवटी पेटवायची

आदिमानव आणि आग म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यासमोर तेच चित्र येतं, गुहेत बसून दोन दगड एकमेकांवर आपटणारा माणूस. मग सुट्टीत कुणीतरी पोरांना घेऊन अंगणात दोन गारगोट्या आपटत बसतो, अंधारात थोडा उजेड चमकतो, जळका वास पण येतो, पण कापूस काही पेटत नाही आणि शेवटी माचिस बाहेर येते. तो कधी पेटणारच नव्हता, कारण गारगोटीवर गारगोटी आपटून निघणाऱ्या ठिणगीत तेवढा दमच नसतो. ठिणगीसाठी दुसरं काहीतरी लागतं, ते पुढे सांगतोच.

पण त्याआधी एक गोष्ट सांगायचीय जी मला या सगळ्या विषयात सगळ्यात महत्त्वाची वाटते. माणसाने आग "पेटवायला" फार उशिरा सुरुवात केली असं पुरावे सांगतात. वापरायला मात्र खूप आधी. दक्षिण आफ्रिकेतल्या वंडरवर्क गुहेत साधारण १० लाख वर्षांपूर्वीची राख आणि जळालेली हाडं सापडलीत, आणि स्वतः आग पेटवल्याचा आत्तापर्यंतचा सगळ्यात जुना चांगला पुरावा इंग्लंडमधल्या बार्नहॅमचा, तो ४ लाख वर्षांपूर्वीचा. म्हणजे मधली काही लाख वर्षं बहुतेक लोक वणव्यातून मिळालेली आग जपून, वाढवून, इकडून तिकडे नेऊन वापरत असणार. म्हणून ज्याला हे हाताने शिकायचंय त्याने पण त्याच क्रमाने शिकावं असं माझं स्पष्ट मत आहे. एकदम काडी घुसळायला बसलात तर हात सोलून निघतात, निखारा पडला तरी तो सांभाळता येत नाही आणि मन उडतं.

जागा आणि काळजी

हे जंगलात करायचं नाही. राखीव जंगलात आग पेटवणं कायद्याने गुन्हा आहे आणि गडांवर तर अजिबात नको, उन्हाळ्यात एका ठिणगीने अख्खा डोंगर जळतो. स्वतःचं अंगण, शेताचा मोकळा कोपरा किंवा ओळखीच्या कुणाचं फार्महाऊस बघा, कडब्याची गंजी आणि वाळलेलं गवत लांब पाहिजे, वारा पडलेला पाहिजे. दोन बादल्या पाणी आणि घमेलंभर माती शेजारी ठेवा. सुती कपडे घाला, नायलॉनचं जॅकेट नको. मुलं सोबत असतील तर एक मोठा माणूस फक्त मुलांवर लक्ष ठेवायला, त्याने आगीत हात घालायचा नाही.

अजून एक, ओढ्यातले नदीतले दगड चुलीला लावू नका. आपल्याकडच्या काळ्या दगडात बारीक पोकळ्या असतात, त्यात पाणी मुरलेलं असतं, ते तापलं की वाफ होऊन दगड फुटतो आणि कपच्या डोळ्यापर्यंत उडतात. तसंही अतिप्राचीन शेकोट्या बऱ्याचदा सपाट जमिनीवरच असायच्या, भोवती दगडांचं गोल कडं पाहिजेच असं काही नाही.

पहिली पायरी: आग सांभाळणं

पहिल्या दिवशी बिनधास्त माचिस वापरा. यात काही चीटिंग नाही, आदिमानवाला पण पहिली आग आयतीच मिळाली होती, वीज पडून किंवा वणव्यातून. तुमचं काम आहे ती रात्रभर जिवंत ठेवणं.

हात-दीड हात रुंदीची जागा झाडून साफ करा. छोट्या आगीने सुरुवात करून त्यावर जड लाकूड लावा, बाभूळ, खैर, चिंच असलं काहीतरी, ज्याचा निखारा टिकतो. सावर किंवा पांगाऱ्यासारखं हलकं लाकूड भरभर जळतं आणि मागे काही उरत नाही. दोन-तीन तास चांगली जळू द्या म्हणजे खाली निखाऱ्यांचा थर आणि राख दोन्ही तयार होईल. झोपायच्या आधी ज्वाळा बसू द्या, मग सगळे निखारे काठीने एकत्र ओढून घट्ट ढीग करा, कारण एकटा निखारा दहा-पंधरा मिनिटांत विझतो पण ढिगातले निखारे एकमेकांना तापवत राहतात. ढिगाच्या मध्ये एका जाड ओंडक्याचं जळतं टोक खुपसा आणि वरून बारीक पांढरी राख दोन-तीन बोटं जाड पसरा. माती टाकू नका, ओली असेल तर मेलंच सगळं. राखेमुळे हवा अगदी थोडी आत जाते, निखारा जळण्याऐवजी नुसता धुमसत राहतो. सकाळी राख बाजूला सारा, आत लाल दिसेल, त्यावर काडीकचरा आणि गवत टाकून फुंकणीने हळू फुंकलं की मिनिटाभरात ज्वाळा.

आपल्या आज्या-पणज्या हेच करायच्या. रात्री चुलीतला विस्तव राखेखाली झाकायचा, आणि सकाळी विझलेला निघाला तर शेजारणीकडून गोवरीच्या तुकड्यावर विस्तव मागून आणायचा. माचिस मिळत असून सुद्धा कितीतरी घरांत हे चालू होतं, कारण काडी वाचायची.

आता जुन्या काळात ही सांभाळलेली आग ओळखतात कशी ते पण इथेच सांगतो, कारण तुमच्या शेकोटीशी त्याचा थेट संबंध आहे. वंडरवर्कमधली राख गुहेच्या तोंडापासून जवळजवळ ३० मीटर आत सापडली, वणवा एवढ्या आत शिरत नाही. तिथल्या मातीचा अखंड तुकडा काढून, त्यात रेझिन (सुकल्यावर कडक होणारा चिकट द्रव) भरून, कागदासारखा पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली बघितला तेव्हा जळलेल्या गवता-पाल्याची राख आणि हाडांचे बारीक तुकडे जागच्या जागी दिसले, म्हणजे पाण्याने किंवा वाऱ्याने बाहेरून आलेलं नव्हतं. फ्रान्सेस्को बेर्ना आणि सहकाऱ्यांनी हे २०१२ मध्ये प्रसिद्ध केलं. दुसरी जागा इस्राएलमधली, गेशर बेनोत याकोव, सुमारे ७ लाख ८० हजार वर्षांपूर्वीची. तिथे नामा गोरेन-इनबार यांच्या टीमला शेकोटी अशी दिसलीच नाही, दिसले ते भाजलेल्या चकमकीच्या दगडाचे इवलेसे तुकडे, आणि ते सगळीकडे विखुरलेले नव्हते तर ठराविक जागी गोळा झालेले. माणूस आगीजवळ बसून दगडाची हत्यारं घडवतो, कपच्या आगीत पडतात, आग विझते, राख जाते, कपच्या राहतात. त्याच जागी मोठ्या माशांचे दात सापडले आणि ते मंद आचेवर तापलेले होते, थेट जाळात पडलेले नव्हते, असं २०२२ मध्ये दाखवलं गेलं. म्हणजे कुणीतरी मासे शिजवून खात होतं, आणि एवढ्या मंद आचेला सांभाळलेली आगच लागते.

दुसरी पायरी: आग वाहून नेणं

ही पायरी लोक सोडून देतात आणि मला ती सगळ्यात आवडते. आल्प्समध्ये १९९१ साली बर्फात सापडलेला ओत्झी, सुमारे ५३०० वर्षांपूर्वीचा माणूस, त्याच्याजवळ भूर्ज जातीच्या झाडाच्या सालीचं डबडं होतं, आत मेपलची हिरवी पानं आणि कोळशाचे कण. पानात गुंडाळून निखारे न्यायचा तो. आणि गंमत म्हणजे आग पेटवायचं सामान पण त्याच्याजवळ होतं, तरी निखारा नेतच होता. अंदमानच्या लोकांबद्दल एडवर्ड होरेस मॅन या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८८० च्या दशकात लिहून ठेवलंय की ते आग पेटवत नाहीत, पण ती विझू न देण्यात आणि होडीतून सुद्धा सोबत नेण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही.

तुम्ही असं करा. एक मातीचं बोळकं किंवा नारळाची करवंटी घ्या, तळाला दोन बोटं राख घाला. वाळलेल्या गोवरीचा हाताएवढा तुकडा एका कडेने पेटवा, ज्वाळा आली तर विझवा, नुसती कड लाल धुमसत राहिली पाहिजे. तो तुकडा राखेवर ठेवा आणि वर पुन्हा हलकी राख. झाकण घट्ट लावायचं नाही, हवा बंद झाली की संपलं. दर अर्ध्या तासाने बघा, मंद झाला असेल तर जरा उघडून वारा लागू द्या, फारच लाल झाला तर अजून राख टाका. चांगली जाड गोवरी असेल तर दोन-तीन तास सहज जाते. गोवरी नसेल तर जुन्या कुजलेल्या, वजनाला हलक्या, भुसभुशीत पण पूर्ण वाळलेल्या लाकडाचा तुकडा तसाच धुमसतो. बंद गाडीत हे न्यायचं नाही, धूर जीव घेतो, पायी चालूनच करा.

तिसरी पायरी: ठिणगी

आता दगडावर येऊ. लागतात दोन वेगळे दगड, एक कठीण आणि धारदार, दुसरा पायराइट, म्हणजे लोह आणि गंधकाचं सोनेरी चमकणारं खनिज. कठीण दगडाने पायराइटचा कण खरवडला जातो आणि तो कण हवेत स्वतः जळतो, ती खरी ठिणगी. बार्नहॅमला नेमकं हेच सापडलं, तापून लाल झालेली माती, आगीने तडकलेल्या दगडी हातकुऱ्हाडी आणि पायराइटचे दोन छोटे तुकडे, आणि पायराइट त्या भागात सहजासहजी मिळत नाही, म्हणजे कुणीतरी मुद्दाम लांबून आणलं. ब्रिटिश म्युझियमच्या निक ॲश्टन आणि रॉब डेव्हिस यांच्या टीमने २०२५ च्या डिसेंबरमध्ये हे मांडलं. त्याआधी २०१८ मध्ये फ्रान्समधल्या सुमारे ५० हजार वर्षं जुन्या, निअँडर्थल या नामशेष झालेल्या मानवाच्या हातकुऱ्हाडींवर पायराइट आपटल्याच्या खुणा दाखवल्या गेल्या होत्या.

आपल्याकडे कठीण दगडाची कमी नाही, दख्खनच्या पठारावर गारगोटी, अकीक, जास्पर शेतातसुद्धा सापडतात. धारदार कड असलेला तुकडा घ्या. पायराइट मात्र खनिजांच्या दुकानातून किंवा ऑनलाइन घ्यावा लागेल, मुठीत मावेल एवढा भरीव तुकडा बघा, चकचकीत छोटे चौकोनी खडे नकोत. वरची कड गंजून तपकिरी झाली असेल तर फोडून ताजा भाग उघडा करा, गंजलेल्या भागातून ठिणगी येत नाही. डोळ्यावर गॉगल घाला आणि उघड्यावर करा, गंधकाचा वास येतो.

या ठिणग्या लोखंडाच्या चकमकीसारख्या पांढऱ्या तेजस्वी नसतात, मंद लालसर असतात आणि लगेच खाली पडतात, म्हणून ज्यावर पाडायच्या ते अगदी बोटभर अंतरावर पाहिजे. युरोपात झाडावर वाढणारी एक खास बुरशी वापरायचे, ओत्झीकडे पण तीच होती आणि तिच्यावर पायराइटचे कण चिकटलेले मिळाले. आपण जळकं सुती कापड वापरू. छोट्या पत्र्याच्या डबीला एक बारीक भोक पाडा, आत जुन्या सुती कापडाचे तुकडे भरा, निखाऱ्यावर ठेवा, भोकातून येणारा धूर थांबला की उतरवा आणि पूर्ण गार झाल्यावरच उघडा, गरम असताना उघडली तर हवा लागून सगळं पेटतं. काळं, हलकं, बोटाने चुरगळणारं कापड तयार होतं. ते पसरून त्यावर पायराइट धरा आणि गारगोटीच्या धारेने घासून खाली ओढत मारा, आपटायचं नाही, खरवडायचं. कापडावर टाचणीच्या डोक्याएवढा लाल ठिपका दिसला आणि तो हळूहळू पसरायला लागला की मारणं थांबवा.

गावाकडे म्हातारी माणसं बटव्यात चकमक, गारगोटी आणि कापूस ठेवायची, बिडी पेटवायला, तो याच पद्धतीचा नंतरचा अवतार, फक्त पायराइटच्या जागी पोलाद आलं.

चौथी पायरी: लाकूड घुसळणं

इथे पुरावा अडतो, कारण लाकूड कुजून जातं. इजिप्तचा राजा तुतनखामेन याच्या थडग्यात धनुष्याने फिरवायचं आग पेटवायचं यंत्र सापडलं पण ते ३३०० वर्षांपूर्वीचं, त्याच्या मागे किती जुनी परंपरा आहे हे लाकूड सांगत नाही. टांझानियातले हाड्झा लोक अजूनही हाताने काडी घुसळून आग काढतात, आणि आपल्याकडे अग्निहोत्री घरांत अरणी मंथन करून अग्नी काढतात, खाली अधरारणी, वर मंथा आणि दोरी. तत्त्व सगळीकडे एकच. घर्षणाने लाकडाची भुकटी पडते, ती तापून काळी होते आणि ढिगात निखारा धरतो.

लाकूड निवडण्यात निम्मं यश आहे. खालची पट्टी आणि वरची काडी दोन्ही हलक्या, मऊ, चीक किंवा राळ नसलेल्या आणि खडखडीत वाळलेल्या पाहिजेत. अंगठ्याचं नख दाबलं की पट्टीवर खूण उमटली पाहिजे, आणि मोडताना कडकन आवाज आला पाहिजे, वाकली तर ओली आहे. बांधावर घायपाताचा फुलोरा येऊन गेलेला उंच दांडा वाळलेला उभा असतो, पट्टीसाठी तो उत्तम. काडी दीड-दोन फूट लांब, करंगळीएवढी जाड, सरळ. पट्टी बोटभर जाड. पावसाळ्यात याच्या नादाला लागू नका, कोकणात तर दिवाळीनंतरच, हवेतला दमटपणा लाकूड पिऊन घेतं. मार्च-एप्रिलची दुपार सगळ्यात बेस्ट.

पट्टीच्या कडेपासून थोडं आत सुरीच्या टोकाने छोटा खळगा करा. काडी त्यात उभी ठेवून दोन्ही तळव्यांत धरून फिरवा, खळगा काडीच्या मापाचा गोल आणि काळसर झाला की थांबा. आता कडेकडून खळग्याच्या मध्यापर्यंत जवळजवळ पोचेल अशी इंग्रजी व्ही आकाराची खाच कापा, गोलाचा साधारण आठवा भाग. ही खाच नसेल तर भुकटीला जमायला जागा नाही आणि हवा पण मिळत नाही, बहुतेक लोक इथेच अडतात. खाचेखाली एक वाळलेलं जाड पान सरकवा.

पट्टी पायाने दाबून धरा. काडीच्या वरच्या टोकाला तळवे लावा, घुसळताना खाली दाब देत राहा, त्यामुळे हात आपोआप खाली सरकतात, खाली पोचले की एका हाताने काडी दाबून धरत दुसरा पटकन वर न्या, मग पहिला, काडी खळग्यातून उचलली गेली नाही पाहिजे. दोघं असाल तर एकाचे हात खाली आले की दुसऱ्याने वरून घ्यायचं, नवशिक्यांनी असंच करावं, मध्ये खंड पडत नाही. सुरुवातीला आरामात, भुकटीने खाच भरेपर्यंत दम राखून ठेवा, धूर दाट झाला की मग शेवटच्या अर्ध्या मिनिटात सगळी ताकद लावा.

भुकटीकडे बघत राहा, ती सगळं सांगते. फिकट पिवळसर रंगाची असेल तर दाब कमी पडतोय. जाड दाणे दाणे पडत असतील तर दाब जास्त आणि वेग कमी. फिल्टर कॉफीच्या पावडरीसारखी गडद, मऊ आणि एकमेकांना धरून राहणारी भुकटी पाहिजे. थांबल्यावर खळग्यातला धूर जातो, पण भुकटीच्या ढिगातून स्वतःचा वेगळा बारीक धूर येत राहिला तर निखारा झालाय. आता घाई करायची नाही. फुंकायचं नाही. पट्टी हलकेच बाजूला करा, हाताने थोडा वारा घाला, अर्धा-एक मिनिट थांबा, ढीग काळा पडतो आणि मध्ये लाल डोळा उघडतो, मगच पान उचला.

तळव्यांना फोड येणार, आला की त्या दिवशी बंद. फुटलेल्या फोडावर घुसळत बसलात तर आठवडाभर हात कामाचा राहत नाही. ज्यांना जमतच नाही त्यांनी धनुष्य वापरा, वीतभर लांब आणि अंगठ्याएवढी जाड काडी, दोन फुटी वाकडी फांदी, सुतळीचा एक वेढा, आणि वरून दाबायला खळगा असलेला गुळगुळीत दगड, त्यात तेलाचं बोट. हात शाबूत राहतात आणि दाब हवा तेवढा देता येतो.

निखाऱ्यापासून ज्वाळेपर्यंत

हे आधी तयार ठेवायचं असतं, निखारा पडल्यावर गवत शोधत फिरायचं नाही. नारळाची शेंडी हाताने चोळून चोळून केसासारखी मोकळी करा, बाहेरून वाळलेल्या गवताचा गोळा, मधे खळगा. निखारा त्यात ठेवून हलकेच मिटा, दाबू नका. गोळा तोंडापेक्षा जरा वर धरा म्हणजे धूर डोळ्यात जात नाही, आणि लांब, मंद फुंकर घाला, जोरात नाही. धूर पांढरा आणि दाट झाला की ज्वाळा येणार, तेव्हा खाली ठेवून आधी काडेपेटीच्या काडीएवढ्या काटक्या, मग पेन्सिलीएवढ्या, मग बोटाएवढ्या. पहिल्या पाच मिनिटांत मोठं लाकूड टाकलं की सगळी मेहनत वाया.

विझल्यावर काय बघायचं

आग पेटवायच्या आधी एक प्रयोग मांडून ठेवा. शेकोटीच्या जागी आणि भोवती गारगोटीच्या थोड्या बारीक कपच्या आणि जेवणातली दोन-चार हाडं टाका, कुठे काय ठेवलं त्याचा मोबाईलवर फोटो काढा. आग पूर्ण गार झाली की बघा. आचेजवळचं हाड काळं, जास्त तापलेलं करडं, सगळ्यात तापलेलं पांढरं आणि ठिसूळ. कपच्यांवर बारीक तडे, कुठे नाण्यासारखी गोल खपली निघालेली. राख सारून मातीचा उभा छोटा काप घ्या, वरचा थोडासाच भाग तांबूस झालेला दिसेल. काळ्या मातीत हा डाग उठून दिसतो, कोकणातल्या लाल मातीत डोळ्याला कळत नाही, म्हणून अशा ठिकाणी संशोधक मातीचे चुंबकीय गुण मोजतात.

मग ती जागा तशीच ठेवा, पावसाळा जाऊ द्या आणि दसऱ्याच्या सुमारास परत उकरा. राख बहुतेक गेलेली असेल, धुऊन आणि विरघळून. चीनमधल्या झोउकोउदियान गुहेचा वाद पण राखेवरूनच झाला, तिथल्या थरांना अनेक दशकं शेकोटीची राख समजत होते, १९९८ मध्ये स्टीव्ह वायनर आणि सहकाऱ्यांनी तपासलं तर ती पाण्याने आणून टाकलेली माती निघाली, आणि राखेच्या अपेक्षित खुणा मिळाल्या नाहीत. त्यानंतर तिथे पुन्हा जळल्याचे पुरावे मिळाल्याचं काही जण सांगतात आणि चर्चा अजून चालू आहे. तुमच्या खड्ड्यात काय उरलं ते फोटोशी ताडून बघा, कपच्या हलल्या का, पांढरं हाड टिकलं की काळं, तांबूस माती अजून दिसते का, आणि एखादी शेकोटी दोन-तीन वर्षं न उकरता तशीच ठेवता आली तर अजून चांगलं, फक्त जागेवर खूण करून ठेवा म्हणजे नांगर फिरणार नाही.